वेगळी जागा लागतेच

"चांगलं लिहिलं की कोणीही छापतं, मग काळ्या लेखकांना वेगळा गट कशाला" असं काही जण विचारतात, ते मला अजिबात पटत नाही. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचा डडली रँडल बघा, लायब्ररीत नोकरी करणारा काळा कवी, त्याने १९६५ साली ब्रॉडसाइड प्रेस काढलं आणि सुरुवात काय तर एका कागदावर एक कविता छापायची आणि स्वस्तात विकायची, म्हणजे पुस्तक न परवडणाराही घडी घालून खिशात टाकून नेणार आणि घरी भिंतीला चिकटवणार! वाचक असा घडतो हो. काळी कवयित्री ग्वेंडोलिन ब्रूक्स, तिला तर १९५० मध्येच पुलित्झर पारितोषिक मिळालेलं, मोठा प्रकाशक होता, तरी १९६९ ला तिने आपलं पुस्तक रँडलकडे दिलं, केवढा विश्वास टाकला बाईने.

नंतर १९९६ मध्ये टोई डेरिकॉट आणि कॉर्नेलियस ईडी या कवींनी केव्ह केनेम सुरू केलं, काळ्या कवींसाठी राहून करायची वर्कशॉप्स. तिथे आपली बोली, आपलं घर आधी समजावत बसावं लागत नाही, थेट कवितेवरच बोलता येतं. आपल्याकडे 'अस्मितादर्श' नियतकालिकाने दलित लेखकांसाठी हेच केलं ना?