टॉवरची खुंटी आणि सातबारावरची नऊ नावं

ग्रुप: वरचं घर (मुळशी)

शनिवार

बाळूदादा: फोटो

बाळूदादा: ही खुंटी काल दुपारी वरच्या खाचरात ठोकली. तांबडा रंग लावून वर आकडा टाकलाय. कंपनीची तिघं पोरं होती, तिपाईवरचं यंत्र घेऊन. विचारलं तर म्हणाली, टॉवरचा एक पाय हितं, बाकीचे तीन भाताच्या रोपाच्या दाढीपलीकडं. चारशे केव्हीची विजेची लाइन हाय म्हणं. मी काय रागं भरलो नाय, पोरं उन्हानं तापलेली, पाणी दिलं. हिनं मात्र आज सकाळी खुंटीला रेडकू बांधून ठेवलंय.

शैलाआत्या: अगंबाई. वरचं खाचर म्हणजे झऱ्याजवळचं?

बाळूदादा: व्हय. झऱ्यापासनं पंधरा पावलं.

रोहन ऑस्टिन: हे होऊच शकत नाही!! मागच्या मे महिन्यात काजव्यांचा व्हिडिओ मी तिथेच उभं राहून काढला होता. त्या व्ह्यूमध्ये टॉवर? मी आत्ता ऑनलाइन पिटिशन बनवतो, सगळ्यांनी सही करा आणि पुढे पाठवा.

शैलाआत्या: फॉरवर्ड केलेला मेसेज: हाय टेन्शन लाइनजवळ राहणाऱ्यांना होणारे १७ आजार. जरूर वाचा!

वसंतकाका: शैला, हे काढ. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या चुंबकीय क्षेत्राला ‘कदाचित’ अशा यादीत टाकलंय, त्याच्या पुढचे १६ आजार कुणाच्या तरी मोबाइलमध्ये जन्मलेत. बाळू, जेवून सविस्तर लिहितो. तोवर खुंटी उपटू नकोस.

बाळूदादा: मी न्हाय उपटत. रेडकाचा भरवसा देत न्हाय.

वसंतकाका: हां, जेवण झालं. वीज बोर्डात ३१ वर्षं मी लाइनवरच काढली, तेव्हा पलीकडच्या बाजूचा माणूस बोलतोय असं समजून वाचा. या लाइनला जमीनमालकाची संमती लागत नाही. वीज कायदा २००३, कलम १६४. त्याने कंपनीला १८८५ च्या तार कायद्याचे अधिकार देता येतात. इंग्रजांनी तारेचे खांब रोवायला केलेला कायदा, तोच आपण चालवतोय. जमीन संपादन होत नाही, सातबारा तुमच्याच नावावर राहतो, ते फक्त टॉवर उभा करतात आणि तारा ओढतात. अडवलं तर कंपनी तार कायद्याच्या कलम १६ खाली कलेक्टरकडे जाते, आदेश आणते आणि पोलीस बंदोबस्तात पाया खणते. अशा बंदोबस्तात मी स्वतः उभा राहिलोय. एका म्हातारीने अंगावर शेण फेकलं होतं. मला तिचा राग आला नाही, घरी जाऊन शर्ट धुतला. पण त्याच कायद्याच्या कलम १० मध्ये असंही आहे की नुकसान कमीत कमी करायचं आणि जे होईल त्याची पूर्ण भरपाई द्यायची. तेव्हा नुसतं ‘नको’ म्हणून हाती फार लागत नाही. ‘कुठे’ आणि ‘किती’ यावर भांडता येतं.

नंदूभाऊ फोंडा: काका, ‘नको’ म्हणणाऱ्यांना अगदीच मोडीत काढू नका हं. आमच्याकडे गोव्यात २०२० मध्ये मोलेच्या अभयारण्यातून अशीच ४०० केव्हीची लाइन काढायची होती. जोडीला रेल्वेचा दुसरा रूळ आणि हायवे. पोरं चित्रं काढत होती, गाणी म्हणत होती, लोक हसायचे. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०२२ मध्ये कोर्टाने सांगितलं की नवा पट्टा तोडू नका, जुन्या २२० केव्ही लाइनच्या वाटेनेच न्या.

वसंतकाका: बरोबर. पण नीट बघ, लाइन रद्द नाही झाली. जागा बदलली. मी तेच म्हणतोय.

रोहन ऑस्टिन: अंडरग्राउंड का नाही करत पण? २१वं शतक आहे.

मी: हा प्रश्न मलाही आहे, काका. मुंबईसाठी कुडूसहून आरेला जी लाइन आहे, तिची ८० पैकी ५० किलोमीटर जमिनीखालून आहे. तिथे जमतं.

वसंतकाका: ती डीसी लाइन, एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची. वेगळं तंत्र. शिवाय मुंबईत टॉवरला जागाच नाही, म्हणून तो खर्च गळी उतरतो. केबल वरच्या तारेपेक्षा कित्येक पट महाग पडते. आणि आपल्या डोंगरात चर खणला तर तुझा झरा त्या चरातच जाईल.

मी: म्हणजे जिथे जमीन महाग तिथे तार पायाखाली, जिथे स्वस्त तिथे डोक्यावर.

वसंतकाका: असंच म्हण.

बाळूदादा: काका, एक विचारू का. मागच्या जुलैत तीन दिवस लाइट नव्हती. मोटर बंद, मोबाइल बंद, ही लाइन घरावरनं गेली तर निदान तेवढं तरी सुधरंल का?

वसंतकाका: नाही रे. या लाइनवरून गावाला थेट वीज घेता येत नाही. सबस्टेशनला जाऊन ४०० चे २२०, मग आणखी खाली उतरवत उतरवत तुझ्या डीपीपर्यंत येते. तुझी लाइट जाते ती गावाच्या छोट्या लाइनवर झाड पडून. ही वरून गेली काय आणि न गेली काय, ते झाड पडणारच.

बाळूदादा: मग पावसात तारा गुणगुणणार, आन आम्ही खाली कंदील घेऊन बसणार.

मी: आजीला अजून सांगितलं नाही ना?

बाळूदादा: सांगितलं. तिच्या कानावर आधीच आलंवतं. म्हणाली, पयलं पाणी, आता तारा. तिच्या बापाचं गाव धरणात गेलं, तवा पण अशाच खुंट्या ठोकल्यावत्या म्हणं, तिला बापानं सांगितलेलं.

मी: रोहनसाठी लिहिते, त्याला हे ठाऊक नसेल. १९२१ च्या रामनवमीला आपल्या खोऱ्यातल्या मावळ्यांनी मुळशी सत्याग्रह सुरू केला. धरणाचं पाणी खाली कोकणात भिऱ्याला सोडायचं आणि तिथली वीज मुंबईला. सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. तीनेक वर्षं चाललं, शेवटी धरण झालंच. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जोत्याचे दगड दिसतात. तुझ्या काजव्यांच्या व्हिडिओत मागे चमकतंय ना, ते तेच पाणी. मी शाळेत सहलीला येऊन त्या पाण्यासमोर उभी राहून ‘किती छान’ म्हणालेय, आणि आजी शेजारी काही न बोलता शेंगा सोलत बसली होती.

रोहन ऑस्टिन: ओह. हे खरंच माहीत नव्हतं.

रविवार

वसंतकाका: आता ‘किती’. केंद्राने १४ जून २०२४ ला सूचना काढल्या. टॉवरच्या चार पायांमधली जागा अधिक प्रत्येक बाजूने एक मीटर, एवढ्याला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के. तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के. २०१५ च्या सूचनांत हेच ८५ आणि १५ होते. राज्याचा जीआर काय म्हणतो तो तहसीलमधून आण, पैसे त्याप्रमाणे सुटतात. टॉवरखाली आपले दोन-अडीच गुंठे जातील. पट्टा साधारण ४६ मीटर रुंद धर. त्यात भात लावता येतं, घर बांधता येत नाही आणि उंच झाड ठेवता येत नाही.

शैलाआत्या: म्हणजे अण्णांचे आंबे?

वसंतकाका: पट्ट्यात येत असतील तर जातील. झाडांचे पैसे वेगळे. वय, घेर, फळ सगळं पंचनाम्यात लिहून घ्या. आणि बाळू, कोऱ्या पंचनाम्यावर सही करायची नाही. ‘साहेब नंतर भरतील’ म्हणतात, मग नंतर तीन आंब्यांचा एक होतो.

बाळूदादा: सातबारावर नऊ नावं हायेत. पैशाला नवांच्या पण सह्या लागणार. तलाठीभाऊसाहेब तसंच म्हणाले.

शैलाआत्या: त्यात माझं नाव आहे अजून? की ते हक्कसोडपत्र झालं?

वसंतकाका: शैला, तू सही कुठे केलीस तेव्हा.

शैलाआत्या: नाही केली. तेव्हा म्हणाला होतास, डोंगराची जमीन, तिची काय किंमत, उगाच कागद वाढतात. आता २०० टक्क्यांचा हिशेब आला तेव्हा सगळ्यांना जमीन आठवली.

वसंतकाका: ते चुकलं माझं.

(इथे दोन तास कुणीच काही लिहिलं नाही. रोहनने सुद्धा.)

रोहन ऑस्टिन: एक प्रॅक्टिकल सजेशन. टॉवर खाचरात कशाला, वर माळावर सरकवायला सांगा. तिथे रिकामीच जागा आहे ना? शेतीही वाचेल.

मनूवैनी: रिकामी?

मनूवैनी: मी ग्रुपवर लिहीत नाही कधी, आज लिहिते. माळाच्या टोकाला वाघजाईची राई आहे. तिथली एक काटकीसुद्धा आमच्याकडं कुणी चुलीत घालत नाही. शेकरूची घरटी आहेत, मी परवाच दोन मोजली. आणि झऱ्याला पाणी येतं ते त्या रायीत मुरलेलं. लाइन माळावरनं गेली तर रायीतनं पट्टा पाडतील आणि परत वाढू देणार नाहीत. झरा आटला तर मला हंडा घेऊन खाली टँकरपाशी जावं लागेल. तुम्ही दिवाळीला येता तेव्हा माठातलं पाणी गोड लागतं म्हणता, ते त्या झऱ्याचं असतं.

बाळूदादा: आमचं दोघांचं रातीच ठरलंय. टॉवर खाचरातच येऊ दे. भात चार पायल्या कमी पिकंल. पण राई न्हाय आन झरा न्हाय. झऱ्यापासनं तेवढा लांब सारायला सांगायचा.

मी: वाचून गप्प बसले आहे. आम्ही इथे कालपासून व्ह्यू वाचवत होतो.

वसंतकाका: बाळू, खुंटीवर नेमकं काय लिहिलंय? ‘एपी’ आहे?

बाळूदादा: एपी ४७, मग तिरकी रेघ, मग २.

वसंतकाका: छान! नुसतं एपी ४७ असतं तर तो वळणाचा टॉवर, तो हलवणं फार अवघड. रेघ मारून २ म्हणजे दोन वळणांच्या मधला, सरळ रेषेतला. तो बाजूला जात नाही, पण लाइनच्या रेषेत पुढे-मागे सरकवता येतो, तारांची उंची बसली की झालं. ४०० केव्हीला सर्वांत खालची तार जमिनीपासून ८.८४ मीटरच्या वर राहायला हवी. तुझा खालचा बांध त्या रेषेत येतो का?

बाळूदादा: येतो की. पुढची खुंटी बांधाच्या नाकासमोरच दिसती. खाचरापासनं तीस-पस्तीस मीटर आसंल.

वसंतकाका: मग अर्जात एवढंच मागायचं. टॉवर क्रमांक, गट नंबर, ‘पिण्याच्या पाण्याचा झरा असल्याने रेषेतच तीस मीटर खाली घ्यावा’. एक प्रत कंपनीला, एक प्रांताला, एक कलेक्टरला, तिन्हींवर पोच घ्यायची. पावसाआधी पाया खणायच्या घाईत असतील, म्हणून उद्याच. अर्ज मी टाइप करतो.

रोहन ऑस्टिन: पिटिशन बंद केली. ४१२ सह्या झाल्या होत्या, त्यातला एकही माणूस मुळशीचा नव्हता. मला सही पाठवायची असेल तर कशी?

वसंतकाका: अर्जाला तुझी नको, तुझे बाबा आहेत. काजव्यांचा व्हिडिओ पाठव, त्यात झरा दिसतो. तारखेसकट.

बाळूदादा: उद्या ११ वाजता पौडला तहसीलपाशी. सातबारा आन आठ अ मी काढून ठेवतो. सगळ्यांनी आधारची झेरॉक्स दोन-दोन आणा. शैलाआत्या, तू पण ये. तुझी सही लागंल.

शैलाआत्या: येते. पहिल्या गाडीने निघते. पण कागद आधी वाचणार, मग सही.

मनूवैनी: आत्या, जेवायला घरीच या. रेडकाने खुंटी उपटली आहे, ती मी पुन्हा होती तिथेच ठोकलीय.