अशक्तपणा फक्त वयाचा नाही
‘डायलिसिस म्हटलं की अशक्तपणा आलाच, त्यात वय’ हे मत मला अर्धंच पटतं. तासगावचे आमचे काका डायलिसिसला मिरजेला जातात. डायलिसिसच्या आधी किडनीसाठी दिलेल्या पथ्यात डाळ-अंडी कमी केलेली, घरात तेच पुढे चालू राहिलं. डायलिसिस सुरू झाल्यावर उलट प्रथिनं जास्त लागतात, वजनाच्या किलोमागे रोज साधारण १ ते १.२ ग्रॅम. दर खेपेला काही ग्रॅम अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) रक्तातून निघून जातात ना!

आणि नुसत्या वजनकाट्यावर जाऊ नका. मांस झडतं, त्या जागी पाणी साठतं, आकडा तोच. काकांचे दंड पार सुकलेले, खुर्चीतून उठताना हातांचा टेकू लागायचा, आणि फाइलवर ‘ड्राय वेट’ (जादा पाणी काढल्यावरचं वजन) जुनंच! ते डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्या. अंड्याचा पांढरा भाग चालतो का, तेही विचारा. डायलिसिसवर जपून घ्यावा लागणारा फॉस्फरस मुख्यतः पिवळ्यात असतो.