इस्त्रीने पोचा भरतो, खोक नाही

लाकडी फर्निचरवरचे खड्डे कसे बुजवायचे या प्रश्नावर, खड्ड्यावर ओला कपडा ठेवून गरम इस्त्री टेकवायचा उपाय आलाय तो बरोबरच आहे, पण तो फक्त पोच्यासाठी. काही पडून लाकूड चेपलं असेल तर आतले तंतू नुसते दबलेले असतात, वाफ मिळाली की फुगून वर येतात, पण जिथे कपचाच उडून खोक पडलीय तिथे फुगायला काही उरलेलंच नसतं. आणि स्पिरिटमधलं लाखेचं पॉलिश असेल तर ते वाफेने पांढरं पडतं, तेवढ्या जागेचं आधी घासून काढावं लागतं. व्हिनिअरवर, म्हणजे वरून चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ पापुद्र्यावर, तर इस्त्री नकोच, खालचा गोंद सुटून फुगा येतो.

खोकेसाठी लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरायचंही सुचवलंय, त्याबद्दल मात्र थोडं वेगळं मत आहे. भरलं जातं छान, पण सुकलेला फेविकॉल स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, पित नाही, त्यामुळे वरून कितीही रंग लावा, आजूबाजूचं सागवान गडद होतं आणि हा ठिपका फिकाच राहतो. म्हणून रंग आधीच मिसळायचा. आमच्याकडचे पॉलिशवाले चॉक पावडरमध्ये गेरू, पिवडी (पिवळी माती), चिमूटभर काळा रंग असं घालून लाखेच्या पॉलिशमध्येच मळतात, आणि छटा बघायला शेजारच्या घासलेल्या लाकडावर स्पिरिटचं बोट फिरवतात, ओलं दिसतं तोच साधारण पॉलिशनंतरचा रंग. जुळत नसेल तर किंचित गडद ठेवा, फिकं लगेच डोळ्यात भरतं, गडद डाग लाकडाच्या रेषांमध्ये खपून जातो.