डीटीपीच्या कामाला डेस्कटॉपच ठेवू की लॅपटॉप घेऊ?

सांगलीकर_डीटीपी
नमस्कार मंडळी. डीटीपी, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं मांडायची कामं करतो: पुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका. मशीन सातव्या पिढीच्या आय-५चं. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि ११ या प्रोसेसरवर चालत नाही म्हणतात. भाचा मागे लागलाय, "मामा, डबा भंगारात द्या, लॅपटॉप घ्या." बजेट साठ हजार. काय करू?

खिळेजुळारी
भाच्याला दिवाळी अंकाचं एक प्रूफ वाचायला बसवा, मग विचारा.

साधा हिशोब बघा. समोरासमोरची दोन ए-४ पानं म्हणजे ४२ बाय २९.७ सेंमी. २४ इंची, १६:१० मॉनिटरची उंची साधारण ३२ सेंमी, रुंदी जवळजवळ ५२. दोन्ही पानं खऱ्या मापात दिसतात. १५.६ इंची लॅपटॉपची उंची जेमतेम साडेएकोणीस. तिथे एकतर पान लहान करा, नाहीतर दिवसभर वरखाली सरकवत बसा. पान लहान केलं की 'सर्वांनी'मधला रफार आणि अनुस्वार एकमेकांना चिकटलेत की सुटे आहेत, ते कळत नाही. चूक कळते ती फर्मा छापून आल्यावर, आणि तेव्हा प्रकाशक फोनवर काय बोलतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसरं, ऐन सीझनला माझ्या डेस्कटॉपचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) गेला. संध्याकाळी इथल्या, पुण्याच्या तापकीर गल्लीतून नवा आणला, रात्री काम पुन्हा सुरू. पातळ लॅपटॉपात बऱ्याचदा रॅमसुद्धा बोर्डालाच डाखलेली असते. बोर्ड गेला की सगळंच गेलं.

वाईवाला
काका, पुण्यात बसून बोलणं सोपं आहे. आमच्याकडे लाइट गेली की साधा यूपीएस फाइल सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरताच टिकतो. लॅपटॉपवर निदान दोन-तीन तास काम रेटता येतं. शिवाय पत्रिकेचं गिऱ्हाईक हल्ली घरी बोलावतं. "मुलीच्या आत्याचं नाव वर घ्या," हे त्यांच्या सोफ्यावर बसूनच करावं लागतं.

खिळेजुळारी
पत्रिकेला लॅपटॉप घ्या की, कोण नको म्हणतंय! दोनशे पानी पुस्तक मात्र सोफ्यावर लागत नाही. लाइटीचं म्हणाल तर इन्व्हर्टरला मोठी बॅटरी लावा, नाहीतर लॅपटॉपला बाहेरून मॉनिटर जोडा. पण मग टेबल अडलंच ना?

सांगलीकर_डीटीपी
आणि पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फायली? फाँटचं सॉफ्टवेअर लॉक जोडल्याशिवाय चालत नाही, आणि ते लॉक प्रिंटरच्या जुन्या पोर्टात बसणारं आहे.

खिळेजुळारी
मग डबा भंगारात अजिबात देऊ नका. तो पोर्ट आजच्या लॅपटॉपला नसतो, आणि यूएसबीच्या कन्व्हर्टरवर अशी लॉकं सहसा चालत नाहीत. जुन्या मशीनचं नेट काढा, फायली पेनड्राइव्हने न्या-आणा. पेनड्राइव्ह आधी नव्या मशीनवर स्कॅन करायचा. साठ हजारात नवा सीपीयू, १६ जीबी रॅम, एसएसडी बसेल. मॉनिटर चालू असेल तर तोच ठेवा. किती इंची आहे?

सांगलीकर_डीटीपी
साडेअठरा.

खिळेजुळारी
आधी मॉनिटर बदला. सीपीयू पुढच्या महिन्यात.