मदत हवी आहे: आयट्रिपलईच्या चिन्हातला बाण उलटा छापलाय, चालेल का?

कॉलेजात अभियंता दिनाला आमच्या आयट्रिपलईच्या (IEEE, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांची संघटना) स्टुडंट ब्रांचचा स्टॉल आहे, त्यासाठी आयट्रिपलईचं चिन्ह काचेवर लावायला व्हिनाइल कापून घेतलं. दुकानदाराला वाटलं आतून चिकटवणार, त्याने मिरर करून दिलं, आम्ही बाहेरून लावलं आणि मग लक्षात आलं.

चिन्ह म्हणजे तो पतंगाचा आकार (विजेच्या प्रयोगातला बेंजामिन फ्रँकलिनचा पतंग, १९६३ च्या विलीनीकरणातून आयट्रिपलई झाली त्याआधीच्या एआयईई या अमेरिकन विद्युत अभियंत्यांच्या संस्थेकडून आलेला), आत सरळ बाण म्हणजे करंट आणि त्याच्याभोवती वळलेला बाण म्हणजे चुंबकीय क्षेत्र. उजव्या हाताचा अंगठा करंटच्या दिशेने वर धरला तर बोटं क्षेत्राची दिशा दाखवतात, ती आपल्या समोरच्या बाजूने डावीकडून उजवीकडे वळतात, आमच्या काचेवर बरोब्बर उलटं दिसतंय. पतंग दोन्हीकडून सारखाच, त्यामुळे कोणाला कळलंच नाही.

एक मित्र म्हणतो सरळ बाण इलेक्ट्रॉनचा धर, ते करंटच्या उलट जातात म्हणून डावा हात लागू होतो. ही पळवाट झाली. पण सर म्हणाले की ढालीवरच्या राजचिन्हांत उजवं-डावं ढाल धरणाऱ्याच्या बाजूने मोजतात, बघणाऱ्याच्या नाही, म्हणून चालून जाईल.

आयट्रिपलईचं चिन्ह काही ढालीवरचं नाही हे माहीत आहे. पुन्हा छापायला पैसे आहेत, वेळ फक्त दोन दिवस, आणि काचेच्या आतल्या बाजूला कपाट असल्याने तिथून चिकटवता येत नाही. कोणी राजचिन्हांचा अभ्यास केला असेल तर सांगा, तो ढाल धरणाऱ्याचा नियम फक्त बाजूंना नावं देण्यापुरता असतो की त्याने आरसाप्रतिमाही ग्राह्य धरतात?