जुनी रिपॉझिटरी उडवू नका, अर्काइव्ह करा

आपल्या प्रकल्पाचा कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास ठेवायची नवीन रिपॉझिटरी सुरू झालीच आहे, तर जुनी सरळ डिलीट करून टाका, अशी एक सूचना आली आहे. मला हे अजिबात पटत नाही. जुन्या बग रिपोर्टांत, लोकांच्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये जुन्याच पत्त्याच्या लिंका असतात. त्या सगळ्या एका झटक्यात बंद पडतील.

एलएलव्हीएम या कंपायलर प्रकल्पाने 2019 मध्ये सबव्हर्जन (एसव्हीएन) ही बदलांची नोंद ठेवणारी जुनी प्रणाली सोडून गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर बस्तान हलवलं, तेव्हा सगळा इतिहास सोबत नेला. जुन्या कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) मेसेजखाली आजही ‘एलएलव्हीएम-एसव्हीएन’ आणि पुढे जुना रिव्हिजन नंबर (सबव्हर्जनमधला त्या बदलाचा क्रमांक) अशी ओळ दिसते. त्यामुळे कितीही जुन्या चर्चेतला नुसता नंबर हाताशी असला तरी नेमका बदल सापडतो. केवढी सोय आहे ही!

आपणही इतिहासासकट हलवू या. फक्त क्रम सांभाळा. गिटहबवर अर्काइव्ह केलं की रिपॉझिटरी निव्वळ वाचण्यापुरती उरते, रीडमी ही प्रकल्पाची ओळख करून देणारी फाइलसुद्धा बदलता येत नाही. म्हणून आधी रीडमीत अगदी वरच नवा पत्ता टाका, उघडे इश्यू (अजून न सुटलेल्या तक्रारी) नव्या जागी न्या आणि मगच अर्काइव्हचं बटण दाबा. ज्यांनी क्लोन करून (आपल्या संगणकावर प्रत घेऊन) ठेवलंय त्यांच्यासाठी, प्रतीतला जुना पत्ता बदलणाऱ्या ‘गिट रिमोट सेट-यूआरएल’ची पूर्ण कमांडही आधीच रीडमीत लिहून ठेवा.