लॉकच्या ‘कॉन्शसनेस’ला वर्गात काय म्हणता?

तिसरा_बाक
टीवायबीएच्या मराठी माध्यमाच्या वर्गाला पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवतो. देकार्त निभावतो, गाडी अडते ती इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकपाशी. माणूस काल होता तोच आज कशावरून, हे प्रकरण त्याने मानवी आकलनावरच्या आपल्या ग्रंथाच्या १६९४च्या दुसऱ्या आवृत्तीत घातलं. त्यात सगळी भिस्त ‘कॉन्शसनेस’वर.

मी बरीच वर्षं ‘चैतन्य’ म्हणत आलो. परवा चाचणीच्या पेपरात एकीने लिहिलं होतं, ‘लॉकच्या मते आत्मा चैतन्यस्वरूप असल्याने व्यक्ती तीच राहते.’ गुण कापायला लाल पेन उचललं आणि थांबलो. लॉक नेमकं उलट सांगतो. आत्मा तोच असो की दुसरा, त्याला फरक पडत नाही. पोरीने त्याला वेदान्ती केला खरा, पण शब्द माझाच होता.

‘भान’ घ्यावं तर त्याला हरपायचीच सवय. ‘जाणीव’ घ्यावी तर ‘कर्तव्याची जाणीव’ मागोमाग येते. तुम्ही काय वापरता?

ओटीवरून
सर, ही अडचण ३०० वर्षं जुनी आहे. प्येर कोस्तने लॉकचा ग्रंथ १७००मध्ये फ्रेंचमध्ये आणला, तेव्हा तोही इथेच अडला. फ्रेंच ‘कॉन्सिआंस’ म्हणजे सदसद्विवेकबुद्धीच डोळ्यांपुढे येणार. म्हणून त्याने मध्ये आडवी रेघ मारून शब्द तोडला आणि खाली लांबलचक तळटीप दिली. लॉक राहायचा त्याच घरी हा मुलाचा शिक्षक म्हणून होता. लेखक हाकेच्या अंतरावर, तरी ही गत! जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिट्सने ‘कॉन्सिओसिते’ असा नवाच शब्द पाडला. तो काही चालला नाही.

‘जाणीव’च घ्या. तिला कर्तव्याचा वास येतो तर येऊ द्या. ‘पर्सन’, म्हणजे व्यक्ती, हा न्यायनिवाड्यातला शब्द आहे, असं लॉकच म्हणतो.

चहा_कमी_साखर
शब्दावर तास घालवू नका. आधी राजपुत्र आणि चांभाराचं उदाहरण सांगा, मग शब्द.

तिसरा_बाक
आज तेच केलं. राजपुत्राचा आत्मा, त्याच्या साऱ्या आठवणींसकट, चांभाराच्या देहात शिरतो. मी जपून ‘जोडे शिवणारा’ म्हणालो. मागून आवाज आला, ‘सर, चांभार म्हणा की सरळ. आणि मग जात कोणाची राहणार?’ काही जण हसले. तो हसला नव्हता.

लॉक म्हणतो, व्यक्ती म्हणून तो राजपुत्र, पण माणूस म्हणून इतरांच्या लेखी तोच चांभार. हे सांगितल्यावर त्याने वहीत दोन रकाने आखले, ‘स्वतःला’ आणि ‘गावाला’. व्यक्ती आणि माणूस हा भेद मी दरवर्षी फळ्यावर लिहितो, पण असा कुणी उतरवून घेतला नव्हता. ‘जाणीव’ मात्र कुणालाच अडली नाही.

पुढच्या आठवड्यात लाइबनिट्स. समुद्राच्या गाजेत एकेका लाटेचं जे ऐकू येऊनही जाणवत नाही, त्याला ‘नेणीव’ म्हणू का?

ओटीवरून
नको. मागोमाग ‘अनकॉन्शस’वाला फ्रॉइड येऊन बसेल. ‘बारीक संवेदनं’ म्हणा.